रद्द तिकिटे आणि धरणगावचा कापूस

धरणगावच्या पेठेतील जुन्या आडतीच्या दुकानांत, गादीमागच्या भिंतीला, एक लोखंडी तार टांगलेली असे. तिच्या बुडाशी लाकडाची वाटोळी चकती, वरचे टोक आकड्यासारखे वळवून अणकुचीदार केलेले, आणि त्या टोकातून खोवून चकतीवर रचलेली वर्षानुवर्षांची पत्रे. मोडीतली, गुजरातीतली, महाजनीतली, क्वचित एखादे इंग्रजी. मुंबईच्या पेढीचे पत्र आले की मुनीम ते मोठ्याने वाची, शेठजी मान डोलावीत किंवा कपाळाला आठी घालीत, आणि वाचून होताच पत्राच्या पोटातून तार आरपार जाई. त्या पत्राचे पाकीट मात्र तारेपर्यंत कधी पोहोचत नसे. त्याच्या कोऱ्या बाजूवर मुनीम आकडेमोड करी आणि संध्याकाळी ते केरात जाई. अशाच एका दुकानातील वृद्ध शेठजींना मी एकदा याचे कारण विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "मास्तर, दाणा जपायचा असतो. टरफल कोण जपतं?"

शेठजींना हसण्याचा मला अधिकार नव्हता, कारण लहानपणी मीही तेच केले होते. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या पाकिटांवरची तिकिटे कोमट पाण्यात भिजवून मी सोडवीत असे, वहीत ओळीने चिकटवीत असे, आणि ज्या पाकिटावर निघालेल्या गावाचा, वाटेतल्या ठाण्याचा व पोहोचल्या दिवसाचा शिक्का स्पष्ट उमटलेला असे ते पाकीट चुरगळून फेकून देत असे. पुढे पुष्कळ वर्षांनी अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातील टपालतिकिटांचा व लखोट्यांचा इतिहास वाचनात आला, तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. एक, मी फेकले तेच जपण्यासारखे होते. आणि दुसरी, जिच्यासाठी हा लेख लिहीत आहे ती, अशी की अमेरिकेतील संग्राहक ज्या लखोट्यांना आज प्राणापलीकडे जपतात ते, आणि आमच्या खानदेशच्या कापसाला एके काळी आलेला तो प्रसिद्ध सुवर्णकाळ, ही एकाच युद्धाची दोन टोके आहेत. फरक इतकाच की तिकडच्या टोकाचे टरफल राहिले आणि इकडच्या टोकाचे चुलीत गेले.

धरणगाव हे नाव इंग्रजांच्या कागदोपत्री फार जुने आहे. येथल्या कापडाच्या व कागदाच्या लौकिकामुळे १६७४ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली, आणि दुसऱ्याच वर्षी ती शिवाजी महाराजांच्या फौजेच्या तडाख्यात सापडली. त्या नुकसानीच्या भरपाईसाठी मुंबईकर इंग्रजांनी महाराजांच्या दरबारी खेटे घातले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या काळी वखारीचे कागद कासिदाच्या कमरेला बांधून सुरतेस जात आणि आपल्याकडील राजकारणाची पत्रे जासुदाच्या किंवा सांडणीस्वाराच्या हाती थैलीतून, मोहोर करून, रवाना होत. पत्राला तिकीट नव्हते, कारण जो पत्र पाठवी त्याचाच माणूस ते पोहोचवी. सामान्य रयतेने पत्र लिहावे ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

कंपनी सरकारच्या अमदानीत टपाल सर्वांना खुले झाले खरे, परंतु हशील अंतरावर आकारले जाई आणि ते पुष्कळदा पत्र घेणाऱ्याच्या गळ्यात पडे. अमेरिकेतही परिस्थिती याहून निराळी नव्हती. तेथे हशिलाची मोजणी कागदाच्या तावांवर आणि मैलांवर होई. चारशे मैलांपलीकडे एका तावाला पंचवीस सेंट पडत, दोन ताव असतील तर दुप्पट. एवढा पैसा मजुराच्या दिवसभराच्या कमाईत मोठा हिस्सा खाऊन टाकी. म्हणून लोक एकाच तावावर उभे लिहून झाल्यावर कागद फिरवून त्याच ओळींवर आडवे लिहीत, आणि वाचणाऱ्याचे डोळे जात. १८४५ च्या कायद्याने तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट व त्यापुढे दहा सेंट असा सुटसुटीत दर अर्ध्या औंसाला ठरविला गेला. परंतु तिकिटे छापण्याचे काम सरकारने लागलीच हाती घेतले नाही, तेव्हा गावोगावच्या पोस्टमास्तरांनी आपापली तिकिटे काढली. सेंट लुई येथील तिकिटावर मिसूरी संस्थानाची ढाल धरून उभी असलेली दोन अस्वले आहेत. या अस्वलांची पुढे गाठ पडणार आहे. अखेर १ जुलै १८४७ रोजी फ्रँकलिनचे पाच सेंटांचे तपकिरी आणि वॉशिंग्टनचे दहा सेंटांचे काळे अशी दोन तिकिटे अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने विक्रीस काढली.

येथे तारखेविषयी एक अवांतर गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकन सरकारचे हिशेबी वर्ष त्या काळी १ जुलैला सुरू होई, त्यामुळे टपालाचे नवे दर नेमके त्याच दिवशी अंमलात येत: १८५१ मध्ये दर तीन सेंटांवर आला तो १ जुलैला, आणि १८४७ ची तिकिटे रद्दबातल ठरली तीही त्याच दिवशी. पण आपल्याकडेही हीच तारीख पाठ सोडीत नाही. सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी 'सिंध डाक' या नावाने प्रसिद्ध असलेली आशियातील पहिली टपालतिकिटे चालू केली ती १ जुलै १८५२ रोजी. हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय टपालसंघात सामील झाला तो १ जुलै १८७६ रोजी. पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले ते १ जुलै १८७९ रोजी. आणि याच फ्रिअरसाहेबांच्या मुंबईच्या गव्हर्नरीत, १ जुलै १८६५ रोजी, काय घडले ते ओघाने येईलच. योगायोगाला अर्थ नसतो; परंतु तारखा पाठ करण्याचा कंटाळा असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना ही एक तारीख फार उपयोगी पडे.

साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे आली ती १ ऑक्टोबर १८५४ पासून. कलकत्त्याच्या सर्व्हे कचेरीत कॅप्टन थुलियर यांनी शिळाछापावर ती छापून काढली. निळ्या अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचे पत्र या देशात कोठेही जाऊ लागले. दरोबस्त हिंदुस्थानला एकच दर, ही त्या काळी मोठी धाडसाची गोष्ट होती. मुंबई-आग्रा सडकेने हरकाऱ्याची घुंगुरकाठी वाजत धुळ्यावर येई, तेथून थैल्या आडवाटांनी फुटत, आणि धरणगावच्या आडत्याला मुंबईचा भाव अर्ध्या आण्यात कळू लागला. तिकिटे कलकत्त्याला छापणे पुरे पडेना, तेव्हा पुढल्याच वर्षापासून ते काम लंडनच्या डी ला रू या छापखान्याकडे गेले. या छापखान्याचे नावही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता कापूस. एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे करवती यंत्र बनविले आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील संस्थाने, गुलामांच्या घामावर, कापसाची आगरे होऊन बसली. लँकेशायरच्या गिरण्यांची भूक तो लांब धाग्याचा कापूस भागवी. आमच्या आखूड धाग्याच्या, पानकाडीने व धुळीने भरलेल्या मालाला तेथे मान नव्हता. एकाच देशावर एवढा भार टाकणे बरे नव्हे, हे इंग्रजांना उमगलेले होते. १८४० मध्ये कंपनीने अमेरिकेतून दहा मळेवाले पगारी आणून हिंदुस्थानात निरनिराळ्या इलाख्यांत प्रयोगासाठी धाडले, आणि १८५५ मध्ये आमच्या धरणगावात, जेथे तीस वर्षांपूर्वी औट्रमसाहेबाने भिल्ल पलटण उभी केली होती तेथे, एका युरोपियनाच्या देखरेखीखाली करवती यंत्रांचा सरकारी कारखाना काढला. यंत्रे थोडीथोडकी नव्हेत, जवळजवळ शंभर होती. तो उद्योग फार दिवस चालला नाही. व्हिटनीचे दाते अमेरिकन कापसासाठी घडविलेले; देशी कापूस त्यांत तुटे, आणि रेच्यावर बसलेली आमची बाई तेच काम हळू परंतु नीट करी. अमेरिकेने धरणगावचे दार ठोठावले ते हे असे, पहिल्यांदा, आणि ते उघडले नाही. सहा वर्षांनी तिने ते धक्क्यानेच उघडले.

एप्रिल १८६१ मध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. युद्धाचा राजकीय वृत्तांत इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे; टपालाच्या दृष्टीने त्याची सुरुवात मोठी चमत्कारिक झाली. बंडखोर संस्थानांतील पोस्टमास्तर मे अखेरपर्यंत वॉशिंग्टनचेच नोकर होते आणि वॉशिंग्टनचीच तिकिटे विकीत होते. १ जून रोजी दक्षिणेचा टपालप्रमुख जॉन रीगन याने कारभार आपल्या हाती घेतला, तेव्हा उत्तरेची तिकिटे दक्षिणेतील शेकडो कचेऱ्यांच्या पेट्यांत तशीच पडून होती. ही तिकिटे उत्तरेत चोरून विकून दक्षिणेने बंदुका घेतल्या तर? या धास्तीने उत्तरेच्या सरकारने एक असा हुकूम काढला की ज्याचे उदाहरण टपालाच्या इतिहासात विरळाच सापडेल: त्या वर्षीच्या ऑगस्टपासून सारी जुनी तिकिटे रद्द. नवी तिकिटे गावात आली की दवंडी पिटावी, सहा दिवसांची मुदत द्यावी, तेवढ्यात लोकांनी जुनी देऊन नवी घ्यावी. मुदत टळली की जुन्या तिकिटाचे मोल कागदाच्या कपट्याइतके. जो बेसावध राहिला त्याच्या पत्रावर फिलाडेल्फियाच्या कचेरीत शिक्का बसे, 'जुनी तिकिटे मान्य नाहीत', आणि घेणाऱ्याकडून हशील वसूल होई.

हा शिक्का असलेला लखोटा म्हणजे संग्राहकांच्या दृष्टीने रत्न. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सुटे तिकीट सांगते ते एवढेच की ते छापले गेले. लखोटा मात्र सांगतो की अमुक दिवशी, अमुक गावात, कोण्या एका माणसाने, सरकारचा हुकूम त्याच्या कानावर आलेला नसताना, कालपर्यंत चालणारे तिकीट निर्धास्तपणे चिकटवले आणि आज ते चालेनासे झाले होते. युद्ध त्या घरापर्यंत कोणत्या क्षणी पोहोचले, ते त्या शिक्क्यात नोंदलेले असते. आत पत्र नसले तरी चालते.

दक्षिणेकडील लखोट्यांची कहाणी याहूनही करुण आहे. रीगन कारभारी हुशार होता. परंतु टपालखात्याने १८६३ च्या मार्चनंतर स्वतःच्या उत्पन्नावरच चालले पाहिजे असे दक्षिणेच्या घटनेतच लिहून ठेवलेले असल्यामुळे त्याने हशील चढविले, मार्ग कमी केले, आणि तरीही त्याच्याजवळ तिकिटे नव्हती. तेव्हा सोळा वर्षांपूर्वीचाच प्रकार पुन्हा घडला: गावोगावचे पोस्टमास्तर आपापले ठसे करू लागले. ऑक्टोबरात रिचमंडच्या एका शिळाछापखान्याने पाच सेंटांचे हिरवे तिकीट काढले, त्यावर दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस, हयात माणूस, विराजमान झालेला. उत्तरेची रीत केवळ दिवंगतांना तिकिटावर बसविण्याची. दक्षिणेला तेवढी उसंत नव्हती. ती छपाई इतकी सुमार निघाली की चांगल्या तिकिटांसाठी रीगनचे लोक समुद्रापलीकडे गेले. कोणाकडे? लंडनच्या डी ला रू कडेच. ज्या छापखान्यातून व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा आमचा अर्धा आणा येत होता त्याच छापखान्यातून १८६२ मध्ये डेव्हिसचे निळे तिकीट नाकेबंदी चुकवून दक्षिणेत उतरले. कॅलहूनचे एक सेंटाचेही तिकीट तेथेच छापून आले. पण तोवर हशील एवढे चढले होते की एका सेंटाला काही कामच उरले नाही, आणि ते तिकीट कधी वापरात आलेच नाही.

कागदाची टंचाई तर विलक्षण होती. घराच्या भिंतींना लावण्याचा फुलाफुलांचा रंगीत कागद कापून बायका त्याची पाकिटे करीत. फुले आत आणि कोरी बाजू बाहेर. असे पाकीट मी हाताळलेले नाही, त्याचे रंगीत छायाचित्र तेवढे पाहिले आहे: वर शाईत सैनिकाचे नाव व पलटण, कोपऱ्यात निळा डेव्हिस, आणि पाकिटाचे झाकण उघडताच आत गुलाबी वेलबुट्टी, कोण्या घराच्या दिवाणखान्याची. दुसरा प्रकार 'उलटवलेल्या' पाकिटांचा. आलेले पाकीट अलगद उकलावे, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा चिकटवावे आणि त्यातूनच उत्तर पाठवावे. त्यामुळे एकाच कागदाच्या दोन्ही अंगांना दोन तिकिटे, दोन पत्ते आणि दोन शिक्के. आमचा मुनीम पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड करी तो सवयीने. त्या बायका ते करीत होत्या, कारण दुसरा कागद घरात नव्हता.

उत्तरेत कागद होता तर नाणे नव्हते. लोकांनी सोने-रुपे पुरून ठेवले, मोड मिळेना, तेव्हा १८६२ च्या उन्हाळ्यात बाजारात टपालतिकिटेच नाण्यासारखी फिरू लागली, आणि घामेजलेल्या खिशात एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होऊ लागला. जॉन गॉल्ट नावाच्या गृहस्थाने त्यावर तोडगा काढला: पितळेच्या चकतीत तिकीट बसवून वरून अभ्रकाचे झाकण. मागल्या बाजूला व्यापाऱ्यांची जाहिरात. खरी मोड, आणि जाहिरातीचे भाडेही!

आता पुन्हा खानदेशात यावे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, कापूस धक्क्यावर कुजू लागला, आणि लिव्हरपुलात १८६१ मध्ये पौंडाला सरासरी साडेआठ पेन्सांच्या आसपास असलेला अमेरिकन मालाचा भाव १८६४ मध्ये सत्तावीस पेन्सांच्या वर गेला. जो माल कोणी विचारीत नव्हते त्या आमच्या मालासाठी मुंबईचे दलाल दारोदार फिरू लागले. जळगाव, जे तोवर एक बेताचे गाव होते, ते या चार वर्षांत कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपास आले. आगगाडीचे रूळ त्याच सुमारास खानदेशात शिरत होते. थळघाटाची चढण मात्र १ जानेवारी १८६५ पर्यंत पुरी झाली नव्हती, म्हणून घाटात गासड्या उतरवून बैलगाड्यांवर चढवाव्या लागत. जिल्ह्याचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटी बियाण्याचा ध्यास घेतला आणि ते शेतकऱ्यांच्या गळी उतरविले. मालात माती व सरकी मिसळून वजन वाढविण्याची विद्याही याच काळात इतकी फोफावली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. बैलगाडीच्या चाकाला रुप्याची धाव बसविल्याच्या गोष्टी तुम्ही आम्ही ऐकतो. त्या सांगणाऱ्यांपैकी कोणी ती धाव पाहिलेली नव्हती, परंतु ज्या गोष्टी सांगाव्याशा वाटल्या त्यांवरूनही काळाची ओळख पटते.

ज्या गोष्टीवर हे सारे उभे होते ती अशी की युद्धाची बातमी आगबोटीने येत असे. अटलांटिकच्या तळातून टाकलेली तार १८५८ मध्ये काही आठवडे चालून बंद पडली होती; ती कायमची जोडली गेली १८६६ मध्ये. न्यूयॉर्कहून लिव्हरपूल दहाबारा दिवस, पुढे मार्सेय, अलेक्झांड्रिया, तेथून सुवेझपर्यंत आगगाडी आणि पुन्हा आगबोट, मिळून अमेरिकेतील लढाई मुंबईत पोहोचायला पाच-सहा आठवडे लागत. मुंबईहून धरणगावला आणखी काही दिवस. म्हणजे आमच्या पेठेत एखादा सौदा होई तेव्हा ज्या लढाईच्या भरवशावर तो होई तिचा निकाल दीड महिन्यापूर्वीच लागून गेलेला असे. आकाशातल्या ताऱ्याचा प्रकाश आपल्याला दिसतो, तारा तेथे असतो की नसतो, तसाच हा व्यवहार. भाव खरा होता. ज्यामुळे तो होता ते युद्ध चालू आहे की संपले, हे तारेत पत्र खोवणाऱ्या मुनिमाला ठाऊक नव्हते.

मुंबईची नशा या चार-पाच वर्षांत शिगेस पोहोचली. सुमारे आठ कोटी पौंडांचे जादा द्रव्य या काळात शहरात आले असे त्या वेळच्या लेखकांनी मोजले आहे. ते ठेवायचे कोठे हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर म्हणून पेढ्या, बँका व समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांवर बोली गेली. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या चिठ्ठीवर कर्जे मिळत. या सर्व सौद्यांची वायद्याची तारीख होती १ जुलै १८६५.

आणि ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. बातमी मुंबईस पोहोचताच भाव कोसळला. त्याच वर्षाच्या आरंभी इराणी आखातातून युरोपशी तार जोडली गेली होती, त्यामुळे उरलासुरला भ्रमही बातमीच्या आगबोटीची वाट न पाहता विरू लागला. १ जुलैला पैसे चुकते करायचे होते आणि ते कोणाजवळही नव्हते. ज्या फ्रिअरसाहेबाने तेरा वर्षांपूर्वी त्याच दिवशी आशियातील पहिले तिकीट काढले, त्याच्याच डोळ्यांदेखत मुंबई एका दिवसात दिवाळखोर झाली. प्रेमचंदांची पेढी बसली, बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. राजाबाई मनोऱ्यासाठी प्रेमचंदांनी दिलेले दोन लाख आधीच देऊन झाले होते, म्हणून तेवढी वास्तू आज उभी आहे. जळगावच्या पेठेलाही मोठी खोट बसली, परंतु रेल्वे आणि पेठ ही दोन्ही टिकली. धरणगावच्या शेतात पऱ्हाटी राहिली आणि शेतकऱ्याच्या खतावणीत सावकाराचे आकडे राहिले. तेजीत घेतलेल्या कर्जाचे हप्ते मंदीत फेडण्याचा जो प्रसंग त्या पिढीवर आला त्याची शिकवण आम्हांला मिळाली असे मला दिसत नाही.

युद्ध संपले आणि संग्रह सुरू झाला. तिकिटे जमविण्याचे वेड युरोपात युद्धाआधीच लागले होते; न्यूयॉर्कमध्ये जे. डब्ल्यू. स्कॉट यांनी १८६८ मध्ये तिकिटांची आपली पहिली सूची काढली. १८६९ मध्ये अमेरिकेने केवळ मुखवट्यांची रीत मोडून चित्रमय तिकिटे काढली. तीन सेंटांवर आगगाडीचे इंजिन आले. लोकांना ती रुचली नाहीत आणि वर्षभरातच ती मागे घेतली गेली. आज त्याच तिकिटांसाठी लिलावात झुंबड उडते. दोन रंगांच्या छपाईत ज्यांचे मधले चित्र चुकून उलटे छापले गेले ती तर संग्राहकांच्या स्वप्नात येतात. दोषालाच मोल येण्याचा हा एकमेव धंदा असावा.

प्रारंभीचे संग्राहक माझ्यासारखेच होते. पाकिटावरून तिकीट कापावे आणि वहीत लावावे. फेरारी या गडगंज संग्राहकाचा प्रचंड संग्रह पॅरिसमध्ये १९२१ पासून टप्प्याटप्प्याने लिलावात निघाला तेव्हा जगातील दुर्मीळातली दुर्मीळ तिकिटे त्यात निघाली. पण त्याआधीच १८९५ मध्ये केंटकी संस्थानातील लुईव्हिलच्या कचेरीत एक प्रसंग घडला होता. न्यायालयाचे जुने दप्तर जाळून टाकण्याचा हुकूम झाला. ते जाळणाऱ्या चाकरांना कागदांत विचित्र तिकिटे दिसली. ती होती सेंट लुईची अस्वले, शंभराहून अधिक. वीस सेंटांच्या ज्या अस्वलांना पुष्कळ जाणकार खोटे ठरवून मोकळे झाले होते, ती या पत्रांवर लावलेली सापडली आणि खरी ठरली. जाणत्यांचा वाद दप्तर जाळणाऱ्या गड्यांनी मिटविला. आमच्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे कशी शोधली आणि आगीत, पावसात, वाण्याच्या पुडीत गेलेल्या कागदांसाठी ते कसे तळमळले हे धुळेकरांना सांगायला नको; त्यांना हा प्रसंग ऐकायला मिळाला असता तर ते दोन्ही अर्थांनी पेटले असते.

यानंतरचा संग्राहक निराळा. डॉक्टर कॅरोल चेस या वैद्याने १८५१ ते १८५७ च्या एकाच तीन सेंटांच्या तिकिटावर आयुष्य वाहिले. शेकडो ठशांमधला प्रत्येक ठसा कोणत्या फळीच्या कोणत्या जागेचा हे केसाएवढ्या रेघांवरून ओळखले, आणि १९२९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. बाजारात दोन पैशांना मिळणारे तिकीट! ते त्याने टिपकागदासारखे उचलले आणि त्यातून छापखान्याची सारी रोजनिशी वाचून काढली. आपल्याकडे मुंबईचे जाल कूपर यांनी हिंदुस्थानी तिकिटांवरील आरंभीच्या शिक्क्यांचा असाच अभ्यास केला; हिऱ्याच्या आकारातल्या टिंबांमध्ये कोरलेल्या अंकावरून पत्र कोणत्या गावचे हे सांगता येते ते त्या पिढीच्या खटपटीमुळे.

मराठी घरांत अमेरिकेची तिकिटे कधी आली नाहीत असे मात्र नाही. १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरास ठाण मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनची पत्रे बॉस्टनला जात आणि बॉस्टनची इकडे येत. त्यांचे दप्तर आज हार्वर्ड विद्यापीठात आहे. आणि एक पत्रव्यवहार तर सर्वांच्या परिचयाचा. गोपाळराव जोशी हे टपालखात्यातीलच नोकर. त्यांचे पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आले, ते न्यूजर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचले, आणि १८८० पासून गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाईंना कार्पेंटरबाईंची पत्रे येऊ लागली. आंतरराष्ट्रीय टपालसंघाच्या नियमाने अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या पत्राचा नेहमीचा दर पाच सेंट. त्यासाठीच १८८२ मध्ये गोळी घालून मारलेल्या गारफील्ड अध्यक्षाचे तपकिरी तिकीट निघाले. ज्या बाईला आनंदीबाई पुढे मावशी म्हणू लागल्या तिचा आवाज तीन वर्षे या लखोट्यांतूनच त्यांना ऐकू येत होता. कलकत्त्याहून ७ एप्रिल १८८३ रोजी त्या बोटीवर चढल्या त्यापूर्वीचे सारे नाते टपालाने जुळविलेले आहे. पत्रे पुढे चरित्रांतून छापली गेली. पाकिटांविषयी लिहावे असे चरित्रकारांना वाटले नाही. दाणा जपला गेला.

ज्या शेठजींपासून या लेखाची सुरुवात केली त्यांचे दुकान पुढे मोडले. सामान हलविताना मुलांनी ती तार मला आणून दिली. कसरीने बहुतेक पत्रांची चाळण केली होती. भाव, तोल, नमस्कार, घरची खुशाली, यांपलीकडे त्यांत काही नव्हते. पण अगदी बुडाशी, चकतीला चिकटलेले, एक पत्र निराळे निघाले. जुन्या रीतीप्रमाणे ते पाकिटाविनाच, तावाचीच घडी करून, बाहेरच्या पाठीवर पत्ता घालून पाठविलेले होते. म्हणून पत्र जपताना मुनिमाच्या हातून लखोटाही आपसूक जपला गेला होता. पत्ता मोडीत, धरणगावचा. कोपऱ्यात अर्ध्या आण्याची निळी राणी. मी भिंग घेऊन शिक्का वाचायला बसलो. महिना जुलै असावा. साल जेथे असायचे नेमके तेथून तार गेली होती.